१४ महिन्यांच्या चिन्नीची विकास चाचणी: सोलापुरात कुणाला अनुभव आहे का?

चिन्नीची_आई (मंगळवार, रात्री १०.४०)

नमस्कार. इतकी वर्षं इथं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी (घरी सगळे चिन्नी म्हणतात) १४ महिन्यांची झाली. ३२व्या आठवड्यात जन्मली, वजन दीड किलो, १९ दिवस पेटीत होती. आता तब्येत चांगली आहे, खातेपिते, हसते. बसते, धरून उभी राहते, दिवाणाच्या कडेकडेनं चालते. पण हात सोडून एकही पाऊल टाकत नाही. रांगली तर नाहीच. बुडावर सरकत सरकत अख्खं घर फिरते. शब्द तीनच: अम्मा, ताता, आणि दूध हवं असलं की "पालु".

माझं माहेर पंढरपूरचं, सासर इथल्या पूर्व भागातलं, पद्मशाली. सासूबाई तिच्याशी तेलुगूच बोलतात, नवरा दोन्ही मिसळून, मी मराठी. वरच्या मजल्यावरच्या काकू कानडी, आणि चिन्नीचा अर्धा दिवस त्यांच्याकडे जातो.

मागच्या लसीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "एकदा डासी करून घ्या." मी विचारलं, काही गंभीर आहे का? म्हणाले, "लवकर जन्मलेल्या सगळ्या बाळांना सांगतो." पण तेव्हापासून झोप उडाली आहे. नणंदेची मुलगी दहाव्या महिन्यात चालली, ते घरात रोज एकदा तरी निघतं.

मला हे विचारायचं आहे. या चाचणीत नेमकं काय करतात? ती रांगली नाही याचे गुण जातात का? तेलुगू शब्द मोजतात का? जो आकडा येईल तो तिला जन्मभर चिकटेल का? आणि अजून सहा महिने थांबले तर काही बिघडेल का?

होटगीरोड (मंगळवार, रात्री ११.०५)

ताई, घाबरू नका. माझा मुलगा १७व्या महिन्यात चालला, आता तिसरीत आहे आणि पळण्यात पहिला येतो. प्रत्येक मुलाची वेळ वेगळी असते. मी तर म्हणेन थोडं थांबा, उगाच चाचण्यांच्या मागे लागू नका.

बार्शीकर_बाबा (बुधवार, सकाळी ६.५०)

होटगीरोड, तुम्ही मनापासून धीर देताय, पण "थोडं थांबा" या दोन शब्दांनी आमची दोन वर्षं गेली. म्हणून लिहितोय.

माझा मुलगा वेळेवर बसला, वेळेवर चालला. बोलत नव्हता. आई म्हणाली, मुलगे उशिरा बोलतात, तूही तीन वर्षांनी बोललास. शेजारी म्हणाले, जीभ चिकटलीय. आम्ही थांबलो. अडीच वर्षांचा झाल्यावर एका ठिकाणी चाचणी केली. सकाळच्या एसटीनं निघालो, नंबर दुपारी दीडला लागला. पोरगं खांद्यावर झोपलेलं, त्याला उठवून खुर्चीत बसवलं. पंधरा मिनिटांत सगळं उरकलं. हाका मारल्या, सूचना दिल्या, त्यानं काही केलं नाही. कागदावर एक आकडा लिहून हातात दिला आणि सांगितलं, मुलगा बुद्धीनं मागे आहे, विशेष शाळा बघा.

बायको परतीच्या गाडीत एक शब्द बोलली नाही.

पुढे पुण्यात एका बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "याची बेरा झाली आहे का?" आम्ही ते नावही ऐकलं नव्हतं. बेरा म्हणजे कानाची तपासणी. झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात. दोन्ही कानांना बरंच कमी ऐकू येत होतं. ज्या पोराला सूचना ऐकूच येत नव्हती, त्याच्या बुद्धीचा आकडा काढला होता. आज त्याला यंत्रं आहेत, स्पीच थेरपी चालू आहे, बोलतो. पण पहिली दोन वर्षं परत मिळत नाहीत.

म्हणून ताई, चाचणी करा. आणि त्याआधी कान तपासा. पेटीत राहिलेल्या बाळांचे कान तर तपासायलाच हवेत, असं आम्हाला नंतर कळलं.

बालमानस (बुधवार, दुपारी ३.२०)

चिन्नीची आई, सकाळी तुमचा धागा वाचला आणि ओपीडी संपेपर्यंत डोक्यात तोच होता. मी मानसशास्त्रज्ञ आहे, सोलापुरातच लहान मुलांच्या चाचण्या घेते. बार्शीकर दादा, तुमच्या मुलाच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. तुम्ही कानाचं लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, त्यात एक अक्षरही बदलायला नको.

सगळ्यात आधी वय, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बाळंतपणाचे पूर्ण दिवस ४० आठवडे धरतात. चिन्नी ३२व्या आठवड्यात आली, म्हणजे ८ आठवडे आधी. ते ८ आठवडे तिच्या वयातून वजा करायचे. चाचणीच्या हिशेबात ती आज १४ महिन्यांची नाही, साधारण १२ महिन्यांची आहे. याला सुधारित वय म्हणतात आणि दोन वर्षांची होईपर्यंत हेच धरायचं असतं. आता नणंदेच्या मुलीशी तुलना करून बघा. दोघींच्या वयाची मोजणी एका दिवसापासून सुरू होतच नाही. चाचणीला जाताना डिस्चार्ज कार्ड न्या, आणि जन्मतारखेखाली डॉक्टरांनी दिलेली अपेक्षित तारीख मोठ्या अक्षरांत लिहून न्या. "सुधारित वय धरलंय ना?" हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका. चांगल्या परीक्षकाला तो आवडतो.

आता डासी. पूर्ण नाव डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फंट्स. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातल्या बाळांचा अभ्यास करून ती उभी केली, आणि आज वापरतात ती सुधारित आवृत्ती १९९७ची आहे. १ महिना ते ३० महिने एवढ्या वयाची ही चाचणी. तिचे दोन भाग: हालचालींच्या ६७ कृती आणि मानसिक विकासाच्या १६३ कृती. या २३० कृती सगळ्याच करून घेत नाहीत. बाळाच्या वयाच्या थोडं खालून सुरुवात करतात, सगळं जमतंय असा पाया सापडला की वर चढत जातात, आणि लागोपाठ जमेनासं झालं की थांबतात. प्रत्यक्षात ते खेळासारखंच दिसतं. एक पेटी असते; तिच्यात ठोकळे, घंटी, दोऱ्याला बांधलेली कडी, कप, चित्रांचं पुस्तक. कपाखाली ठोकळा लपवला तर बाळ कप उचलून बघतं का? दोन हातांत दोन ठोकळे असताना तिसरा पुढे केला तर काय करतं? बारीक गोळी मुठीत कवळते की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरते? एवढ्याशा त्या चिमटीतून बोटांबद्दल, नजरेबद्दल, लक्षाबद्दल किती कळतं ते एकदा समजलं की तुम्ही घरी शेंगदाणा उचलतानाही तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघाल. (शेंगदाणा फक्त उचलताना बघायचा, तोंडात जाऊ द्यायचा नाही. या वयात घशात अडकतो.)

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण आयांना याचा राग येतो. परीक्षक मदत करणार नाही, आणि तुम्हालाही करू देणार नाही. प्रमाणित चाचणी म्हणजे तीच वस्तू, तीच पद्धत, तेवढीच संधी, मग बाळ सोलापूरचं असो की बडोद्याचं. ज्या वयाला निम्मी बाळं एखादी कृती करतात, ते त्या कृतीचं वय ठरवलेलं असतं. तुम्ही मागून "दे ना गं, दे" म्हणालात, हात धरून ठोकळा ठेववलात, तर ती तुलनाच राहत नाही. त्यामुळे मांडीवर घेऊन शांत बसा. घरी करते आणि इथं केलं नाही असं काही असेल तर ते नंतर सांगा. जातायेता, चप्पल घालताना, बाहेरच्या बाकावर तिनं ते केलं आणि परीक्षकानं पाहिलं, तर तेही धरता येतं.

वेळ सकाळची मागून घ्या. झोप झालेली, पोट भरलेलं. या उन्हात अकरानंतर मोठ्या माणसांचंही डोकं चालत नाही, बाळाचं काय घेऊन बसलात. ताप, सर्दी, आदल्या दिवशी लस असं काही असेल तर सरळ तारीख बदला. दीडला नंबर लागून झोपेतून उठवलेल्या मुलाची चाचणी घ्यायलाच नको होती.

रांगण्याबद्दल आणि भाषेबद्दल रात्री लिहिते. पेशंट आलेत.

आजी_भवानीपेठ (बुधवार, सायंकाळी ५.४५)

चिन्नीच्या आई, माझी धाकटी लेक सातव्या महिन्यात झाली होती. तेव्हा पेटीबिटी काही नव्हती, कापसात गुंडाळून ठेवली होती. दीड वर्षाची झाल्यावर चालली. कुणी चाचणी सांगितली नाही, आणि सांगितली असती तर मी रडूनच अर्धी झाले असते. पण आता सोय आहे तर जाऊन ये बाई. मनात कुढत बसण्यापेक्षा बरं.

आणि पांगुळगाडा आणलाय का? आमच्या पोरी त्यावरच चालायला शिकल्या.

बालमानस (बुधवार, रात्री ९.३०)

आजी, तुमचा पांगुळगाडा म्हणजे लाकडी, तीन चाकांचा, बाळ उभं राहून मागून ढकलतं तो ना? त्याला माझी हरकत नाही; बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं, कुणीतरी जवळ असलं म्हणजे झालं. हल्ली दुकानात त्याच नावानं गोल प्लास्टिकचा वॉकर देतात, त्यात बाळाला मधे बसवतात. तो आणू नका. त्यात बाळ टाचा न टेकता ढकलत फिरतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि उंबऱ्यावरून, पायऱ्यांवरून उलटतं. कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

आता रांगणं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी बाळांचा अभ्यास केला. त्यात आपल्याकडची दिल्लीची बाळंही होती. २००६ साली आकडे आले. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांच्या मधे कधीही सुरू होतं, आणि ४.३ टक्के बाळं तशी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. एकटं चालण्याची खिडकी ८.२ ते १७.६ महिने. होटगीरोड, तुमचा १७व्या महिन्यात चाललेला मुलगा आणि दहाव्या महिन्यात चाललेली नणंदेची मुलगी, दोघंही याच खिडकीत बसतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं.

पण एक बघा. ती बुडावर सरकताना दोन्ही हात सारखे वापरते का? एकाच बाजूनं रेटते का? वर्षाच्या आतलं बाळ सगळं एकाच हातानं करत असेल, दुसरी मूठ बंदच राहत असेल, तर त्याला डावखुरं-उजवं म्हणून सोडून द्यायचं नाही. त्या वयात हात ठरलेला नसतो. लवकर जन्मलेल्या बाळांत हे मी मुद्दाम बघते. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, तरी परीक्षकाला सांगा.

आणि सहा महिने थांबण्याबद्दल. थांबू नका. चिन्नीचं काही बिघडलंय म्हणून हे सांगत नाहीये. वर्ष-दीड वर्षाच्या आत एखादा स्नायू ताठ आहे, एखादं कौशल्य मागे आहे असं कळलं, तर घरच्या घरी खेळातून बरंच करता येतं. हेच तिसऱ्या वर्षी कळलं तर तीच गोष्ट दुप्पट कष्टानं करावी लागते. आणि जी बाळं येणारी गोष्ट विसरतात, म्हणजे आधी टाटा करायची आणि आता करत नाही, दोन शब्द बोलायची आणि गप्प झाली, त्यांच्या बाबतीत एक आठवडाही थांबायचं नसतं.

अक्कलकोटचा_अमोघ (बुधवार, रात्री १०.१०)

आमच्या घरी कानडी, बाहेर मराठी, शाळेत इंग्रजी. माझ्या मुलीला बालवाडीत बाईंनी "हिला समजत नाही" असं लिहून दिलं होतं. तिला समजत होतं, फक्त "इकडे ये" हे मराठीत समजत नव्हतं. घरी आम्ही "बा" म्हणतो. त्यामुळे तेलुगूचा प्रश्न माझाही समजा.

बालमानस (बुधवार, रात्री १०.५५)

अमोघ, आपल्या भागात हा प्रश्न रोजचा आहे. तीन भाषांच्या सीमेवर राहतो आपण. उत्तर सरळ आहे: शब्द कुठल्याही भाषेतला असो, तो शब्दच. अम्मा, ताता, पालु हे तीन शब्द झाले. उद्या ती "दूध"ही म्हणाली तर चार. समजण्याच्या कृतीही बाळाला कळणाऱ्या भाषेतच द्यायच्या असतात. परीक्षकाला तेलुगू येत नसेल तर घरातलं कुणीतरी सोबत हवं आणि त्यानं परीक्षक सांगेल तेवढंच, खूण न करता, बोट न दाखवता म्हणायचं. चिन्नीची आई, सासूबाईंना घेऊन जा. हे अगदी आवर्जून सांगते. दोन-तीन भाषांमुळे मुलं उशिरा बोलतात, म्हणून घरची भाषा बंद करा, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

अमोघ, तुम्हाला आवडेल असं एक सांगते. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी आपल्याकडे अजूनही वापरात असलेली बिने-कामत चाचणी वि. वि. कामतांनी धारवाड भागात मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांच्या मुलांवर बसवली होती, तीही स्वातंत्र्याच्या आधी. इतक्या जुन्या काळी त्या माणसाला कळलं होतं की एका भाषेत मोजून भागणार नाही.

मोहोळ_अंगणवाडी (गुरुवार, दुपारी १.१५)

मी अंगणवाडी सेविका आहे, मोहोळ तालुक्यात. ज्यांना शहरात येऊन खर्चाची चाचणी जमत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. गाडीत डॉक्टर असतात, ० ते ६ वर्षांच्या सगळ्या मुलांची तपासणी होते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर, चारही बघतात. हा कार्यक्रम २०१३ ला आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. शंका आली की पथक चिठ्ठी देतं आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्रात, डीईआयसी म्हणतात त्याला, पुढची तपासणी विनामूल्य होते. चिठ्ठी घेऊन घरी ठेवू नका, एवढीच हात जोडून विनंती. माझ्या वहीत अशा चार चिठ्ठ्या आहेत ज्या कुणी नेल्याच नाहीत.

आम्हाला एका प्रशिक्षणात त्रिवेंद्रमचा तक्ता दाखवला होता. १७ गोष्टी, दोन वर्षांपर्यंतच्या. प्रत्येकीसमोर एक आडवी पट्टी. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पट्टी पूर्णपणे पेन्सिलीच्या डावीकडे गेली आणि मूल ती गोष्ट करत नसेल, तर पुढे पाठवायचं. पाच-सात मिनिटांत होतं. त्यातली एक गोष्ट, "हात धरून पायऱ्या चढतो." आमच्या वस्तीवर सगळी घरं बैठी, पत्र्याची. पायरी कुठाय? एक पोरगी त्यात नापास दिसायली होती. मग तिला मारुतीच्या देवळापाशी नेलं, तिथं पाच पायऱ्या आहेत. आजीचं बोट धरून सरळ चढून गेली. तेव्हापासून मी आधी देवळात नेते.

दुसरं, आमच्याकडं बायका कामावर गेल्या की बाळ झोळीत. चार-चार तास. मी त्यांना रोज सांगते, तासभर तरी गोधडीवर पालथं टाका. मान धरायला, पोटावर यायला जमीन लागते, झोळी नाही.

यंत्रमाग_७२ (गुरुवार, रात्री ८.००)

वाचतोय सगळं. एक शंका. या चाचण्या मुळात परदेशातल्या. तिकडच्या मुलांच्या मापानं आमच्या पोरांना मोजून "मागे" ठरवणं बरोबर आहे का? माझ्या सुनेला एका ठिकाणी "बेली करा" सांगितलंय, ती तर अमेरिकेचीच ना?

बालमानस (गुरुवार, रात्री १०.१५)

काका, तुमची शंका रास्त आहे आणि फाटक बाईंच्या कामाचं मोल त्यातूनच कळतं. नॅन्सी बेली या अमेरिकेतल्या. त्यांची चाचणी १९६९ला छापली गेली, आणि चौथी आवृत्ती २०१९ची आहे. डासीचा सांगाडा त्यांच्याच चाचणीचा आहे, पण कुठली कृती कितव्या महिन्यात हे फाटक बाईंनी आपल्याकडच्या बाळांना मोजून ठरवलं. त्रिवेंद्रमच्या तक्त्यातल्या त्या आडव्या पट्ट्याही याच बडोद्याच्या आकड्यांवरून काढलेल्या आहेत. आणि सामाजिक कौशल्यांसाठी आपण जी व्हाइनलँड चाचणी वापरतो, तिचं भारतीय रूप डॉ. मालिन यांनी नागपुरात केलं. म्हणजे आपल्या मुलांची मापं आपल्याकडे घेतली गेली आहेत.

बेली वाईट आहे असं नाही. भाषेचे समजणं आणि बोलणं हे दोन वेगळे आकडे तिच्यात मिळतात, हालचालींतही बारीक आणि मोठ्या वेगळ्या निघतात. डासीत ते सगळं दोनच आकड्यांत येतं. सुनेला बेली सांगितली असेल तर करा, पण अहवालातले आकडे तिकडच्या मुलांशी तुलना करून काढलेले आहेत, हे लक्षात ठेवून वाचा. मी स्वतः पहिल्यांदा डासीच घेते.

चिन्नीच्या आईचा एक प्रश्न राहिला: आकडा जन्मभर चिकटतो का? नाही. डीक्यू म्हणजे विकासाचं वय भागिले प्रत्यक्ष वय (चिन्नीसारख्या लवकर जन्मलेल्या बाळांत सुधारित वय), गुणिले १००. ७०च्या खाली गेला तर उशीर आहे असं मानतात. तो आजच्या दिवसाचा आकडा. खुद्द नॅन्सी बेलींनी १९२८ पासून बर्कलीत ६१ बाळांचा माग मोठेपणापर्यंत काढला, आणि त्यांनाच आढळलं की पहिल्या वर्षातले गुण पुढच्या बुद्ध्यांकाबद्दल फारसं काही सांगत नाहीत. जिनं चाचणी बनवली तिचंच हे निरीक्षण आहे, म्हणून मी प्रत्येक आईला ते सांगते. आकडा खूपच कमी आला तर मात्र तो गंभीरपणे घ्यायचा. निदान हे वेगळं काम, आणि अपंगत्वाचा दाखला तर त्याहून वेगळं. डासीच्या कागदानं यातलं काहीच ठरत नाही.

होटगीरोड (शुक्रवार, सकाळी ९.२५)

माझं "थोडं थांबा" मी मागे घेतो. बार्शीकर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझा भाचा दोन वर्षांचा आहे. हाक मारली तर बघत नाही, मोबाइल काढला की लगेच येतो. बहीण म्हणते लाडोबा आहे. तिला काय सांगू?

बालमानस (शुक्रवार, दुपारी २.००)

आज सांगा, आणि या क्रमानं: कानाची तपासणी, मग बालरोगतज्ज्ञ. १६ ते ३० महिन्यांसाठी, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आहे का ते बघणारी, एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी आहे, आईवडिलांनीच उत्तरं द्यायची. बोट दाखवून "ते बघ" असं तो कधी करतो का, हे त्यात विचारतात. बहिणीलाही तेच विचारून बघा. ती चाळणी आहे, निदान नव्हे. त्यात अडकलेल्या सगळ्याच मुलांना काही असतं असं नाही. मोबाइल काढल्यावर येतो म्हणजे काहीतरी ऐकतो किंवा बघतो, पण त्यावरून कान ठीक आहेत असं धरू नका.

चिन्नीची_आई (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१०)

आज सविस्तर लिहायला बसले. आधी तुम्हा सगळ्यांचे आभार.

पहिल्यांदा बेरा केली. झोपवून करायची म्हणून रात्री उशिरापर्यंत तिला जागवलं, मी आणि हे आळीपाळीनं गच्चीत फिरलो. दोन्ही कान चांगले आहेत. तो कागद हातात आल्यावर मी बार्शीकर दादांच्या मुलाचा विचार करून रडले.

चाचणीच्या आदल्या रात्री सासूबाईंना म्हटलं, तुम्हाला यायचंय, चिन्नी काय काय बोलते ते सांगा. मला वाटलं तीन शब्द सांगतील. त्यांनी मला वही घ्यायला लावली. अम्मा, ताता, पालु तर होतेच. पाण्याला "नी" म्हणते, पूर्ण नीळ्ळु येत नाही पण तांब्या बघूनच म्हणते. "रा" म्हणते मांजरीला, म्हणजे ये. वरच्या काकूंकडे गेली की "बा" म्हणते, कानडीतलं. आणि "दा" म्हणजे दादा, शेजारचा मुलगा. सात झाले. मी तिची आई, आणि मला चार माहीत नव्हते, कारण त्यातले बहुतेक माझ्या भाषेतले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "तू ऑफिसला जातीस, मी दिवसभर ऐकायलीय."

सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. परीक्षक बाईंनी आधी दहा मिनिटं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, चटईवर ठोकळे मांडत बसल्या. चिन्नी सरकत सरकत आपणहून गेली. अपेक्षित तारखेचा कागद दिला तर म्हणाल्या, "हे आणलंत ते बरं केलंत." ठोकळा कपाखाली लपवल्यावर चिन्नीनं कप उचलला, ठोकळा घेतला आणि परत स्वतःच कपाखाली लपवला. सासूबाईंना राहवलं नाही, "चूडु चूडु" (बघ बघ) म्हणाल्या. बाईंनी हसून ओठांवर बोट ठेवलं. गोळी चिमटीत उचलली. दोन ठोकळे एकमेकांवर ठेवायचे होते, ते काही केलं नाही, फेकले. मला जीव तोडून सांगावंसं वाटत होतं की घरी डबे ठेवते. तुमचं वाचलं होतं म्हणून गप्प बसले आणि शेवटी सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं, पण गुण दिला नाही. पाऊण तास लागला. मधे एकदा दूध पाजायला थांबलो.

निकाल असा. त्या दिवशी तिचं कागदावरचं वय १४.७ महिने, सुधारित १२.९. हालचालींचं वय १०.९ महिने, म्हणजे डीक्यू ८४. मानसिक विकासाचं १२.५, म्हणजे ९७. घरी येऊन मी जन्मतारखेनं मांडून बघितलं, तर तेच आकडे ७४ आणि ८५ आले असते. बाळ तेच, सकाळ तीच. वजाबाकी केली नसती तर मी आज कुठल्या मनःस्थितीत असते, कल्पना करवत नाही.

हालचालींत थोडी मागे आहे, हे मात्र खरं आहे आणि बाईंनी ते लपवलं नाही. पायाच्या पोटऱ्या किंचित ताठ आहेत. फिजिओथेरपिस्टनी उकिडवं बसून उठण्याचे खेळ दिलेत: खेळणं जमिनीवर, मग दिवाणावर, मग परत जमिनीवर. घोट्याचे ताण दिवसातून तीनदा, कपडे बदलताना. मांडी दुमडून मागे पाय टाकून बसते ती सवय मोडायची आहे. सासरे कारखान्यातून आले की खेळणं वर-खाली करायचं काम त्यांच्याकडे. तिच्यापेक्षा तेच जास्त घामाघूम होतात.

बार्शीकर_बाबा (रविवार, रात्री ९.५०)

कान चांगले आहेत हे वाचून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई, ती वही सांभाळून ठेवा.

मोहोळ_अंगणवाडी (सोमवार, सकाळी ७.३०)

सात शब्द! आजींना माझा नमस्कार सांगा. माझ्या वहीतल्या चारपैकी एक चिठ्ठी मागच्या आठवड्यात गेली. आईसोबत मी स्वतः गेले होते.

होटगीरोड (सोमवार, सकाळी ८.१५)

भाच्याची कानाची तपासणी गुरुवारी आहे. बहीण तयार झाली. मी गाडी घेऊन जाणार आहे.

चिन्नीची_आई (सोमवार, रात्री १०.०५)

होटगीरोड, आदल्या रात्री जागवायला विसरू नका, आणि गाडीत झोपू देऊ नका. आमची सातरस्त्याला डुलकी लागत होती, यांनी खिडकी उघडून ठेवली म्हणून जागी राहिली.

आमची पुढची डासी सहा महिन्यांनी आहे. सासूबाईंनी आठवा शब्द लिहून ठेवलाय, तारीख घालून. तो कुठल्या भाषेतला आहे ते अजून आमचं ठरत नाहीये. मांजर, कुत्रं आणि समोरच्यांची शेळी तिघांनाही ती तेच म्हणते.